घरी विचारून सांगतो

वर्ध्याच्या एसटीत नमिताच्या मागच्या सीटवर नवरा-बायको बोलत होते.

"पाह्यली का मालवणले जाऊन बोट?"

"पाह्यली. जुनी आहे, पण भर समुद्रात सुसाट पळते म्हणे. माह्या फंडात बसते."

"मंग तोंड काऊन उतरलं?"

"जुना ट्रॅक्टर घेताना करतो तसंच केलं. माह्यासंग आलेल्या बंडूजीनं जमिनीवरच इंजिन चालू केलं, धा मिनिटं आवाज ऐकला. थे समुद्राच्या पाण्यानं थंड होते, हे कोणाले माईत होतं? जळलं."

"मालक काय म्हणला?"

"तो आमच्यासाठी चहा आणाले गेलता. त्याले अजून माईत नाई. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो."

नमिताचा थांबा आला, तरी ती उठली नाही.

"विचारलं न घरी? आता सांगा त्याले. लावा फोन."