आंदणातलं निळं पिंप

आजच्या सत्कार सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या पंचायतीचे प्रमुख माननीय प्रभुलिंगअप्पा, व्यासपीठावर खुर्ची मिळालेले आणि न मिळाल्यानं खाली रुसून बसलेले सर्व मान्यवर, जिच्यासाठी आपण जमलो ती गावची लेक डॉक्टर पल्लवी, माझ्यासमोर पाटी गिरवलेले आणि आता मिशा पिकलेले माझे विद्यार्थी, आणि पंख्याखालची जागा धरायला सगळ्यांच्या आधी आलेल्या मायबहिणींनो, मी चंद्रभागाबाई, इथल्या मराठी शाळेची निवृत्त शिक्षिका, आपणा सर्वांना नमस्कार करते.

मला दोन शब्द कौतुकाचे बोलायला सांगितलंय. पल्लवीचं कौतुक मी नाही करायचं तर कुणी करायचं? चौथीत असताना ही पोरगी काडेपेटीत सुरवंट घालून वर्गात आणायची आणि तो पळाला की सगळा वर्ग बाकांवर चढायचा. आज ती गुलबर्ग्याच्या कॉलेजात शिकवते आणि डासांवर अभ्यास करून डॉक्टर झालीय. मागं कोण हसलं? हसू नका. ज्या डासानं आपल्या गल्लीतलं माणूस नेलं, त्याचा कुणीतरी अभ्यास करायलाच हवा होता.

तिनं काय केलं ते सांगते, कारण हार आणणाऱ्यांपैकी कितीजणांनी तिला ते विचारलं असेल याची मला शंका आहे. डेंग्यूचा डास कुठंही बघा, काळा, पायांवर पांढरे पट्टे. पण वरून सारखे दिसणारे हे डास आतून वेगवेगळ्या कुळांचे असतात. पल्लवीनं गुलबर्ग्याकडच्या गावांतून, आपल्या गल्लीतून आणि तिकडं ठाणाकुशनूरच्या बाजूनं घराघरांतल्या साठवलेल्या पाण्यातून अळ्या गोळा केल्या, त्यांची जनुकं ताडून पाहिली. तेव्हा दिसलं की आपल्या गल्लीत दोन कुळांचे डास आहेत. काही गुलबर्ग्याकडच्यांच्या नात्यातले, काही ठाणाकुशनूरकडच्यांच्या. आणि त्या दुसऱ्यांपैकी पुष्कळांना धुराचं औषध बाधतच नाही.

आता हा डास काही फार लांब उडत नाही. मग एवढ्या लांबून आला कसा? त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात, आणि पाणी आटलं, भांडं कोरडं पडलं, तरी कितीतरी महिने तग धरतात. भांडं गाडीत चढलं की अंडीही गाडीत चढली. हे एका बातमीदाराला समजावताना पल्लवी गमतीनं बोलून गेली की जिकडं आपल्या सोयरिकी, तिकडं डासांच्या. सुनांच्या आंदणातल्या भांड्यांतूनही येत असतील. पल्लवी, बाळ, तुझ्या वर्गात हे वाक्य शोभलं असतं. पेपरात ते छापून आलं, 'सुनेच्या आंदणातून आला डेंग्यू' असं. तुरीच्या भावाखेरीज पेपरातलं काही न वाचणाऱ्या माझ्या गावानं नेमकं तेवढं वाचलं.

ठाणाकुशनूरची सून कोणाची? माझी. विजयश्री. इथं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं हे ऐकून माझ्या व्याह्यांनी लग्नात भांड्यांबरोबर आपल्या घरातलं वापरतं मोठं निळं पिंपही दिलं होतं. ते आमच्या ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. मग काय, लोकांना शोधायचे कष्टही पडले नाहीत.

अध्यक्षमहाराज, घड्याळ बघू नका. मी अजून कौतुकावरच आहे.

आमच्या शेजारच्या नागूबाई पावसाळ्यात डेंग्यूनं गेल्या. त्यांचं दुःख ताजं असतानाच ही बातमी आली. महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला आमच्या ओट्यावर एक बाई चढली नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते पिंप रस्त्यावर लोटलं आणि दगडांनी फोडलं. माझ्या नातीनं खेळताना समोरच्या घरी पाणी मागितलं, तर दार लोटून घेतलं. तीन वर्षांच्या लेकराला तहान लागल्यावर दार लोटतात, हे मी या गावात शिकवलं नव्हतं.

विजयश्रीनं गाठोडं बांधलं. मी म्हटलं, कामून जायलीस, मी आहे ना. ती म्हणाली, "आत्या, तुमी हाव म्हनून इतके दिस काढले. पर लेकराला पानी बी कुणी देईना गेलंय. म्या हितं कशी ऱ्हाऊ?" मी तिचं गाठोडं उचललं. बस येईपर्यंत तिच्याजवळ उभी राहिले.

आता मी विचारते, आणि उत्तर नाही दिलं तरी चालेल, मान तेवढी खाली घालू नका. उन्हाळ्यात टँकर आला नाही तेव्हा त्याच पिंपातून घागरी कुणी भरून नेल्या? तेव्हा त्यात डास दिसले नाहीत? खटकचिंचोळीच्या बाजारातून तुम्ही जुनी पिंपं उचलून आणता, ती कुठून आलीत हे विकणाऱ्याला कधी विचारलंत? छपरावर टायरं टाकलीत, ती कुणाच्या आंदणातली? आणि या सभागृहात ज्यांच्या आया ठाणाकुशनूरकडच्या आहेत त्यांनी हात वर करा म्हटलं, तर किती हात खाली राहतील? मला राग आलाय, अप्पा, आणि मी तो लपवणार नाही.

बातमी छापून आल्यावर पल्लवी आमच्या ओट्यावर येऊन बसली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. म्हणाली, "बाई, कोणत्या घरातून, कोणत्या भांड्यातून डास आला, हे माझा अभ्यास सांगूच शकत नाही. ही दोन कुळं इथं विजयश्री यायच्या कितीतरी आधीपासून मिसळलेली आहेत." मग मी विचारलं, त्यांना औषध कसं बाधत नाही? तर म्हणाली, जत्रा आली की धुराची गाडी, पुढारी आला की धुराची गाडी, वर्षानुवर्षं तेच एक औषध. ज्यांना ते बाधतं ते मरतात. ज्यांच्या अंगातच ते पचवायची ताकद असते ते उरतात, आणि आपल्या उघड्या हौदांत त्यांचीच पिलावळ वाढते. म्हणजे असला डास आपण निवडून निवडून वाढवलाय, धुरापुढं उभं राहून फोटो काढत. अप्पा, पंचायतीच्या मागच्या हौदाला आजही झाकण नाही. येताना बघून आले.

पल्लवी हे सगळं त्या बातमीदाराला परत जाऊन सांगून आली. ते छापून आलं नाही. त्यात कुणाची सून नव्हती.

नागूबाईंचे मालक नरसिंगअण्णा समोर बसलेत. पिंपाचं बोलणं पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून निघालं होतं. त्यांच्यावर माझा राग नाही. ज्याचं माणूस गेलं त्याला कुणावर तरी बोट ठेवावंसं वाटतं. माझा राग ज्यांचं काही गेलं नव्हतं आणि तरी ज्यांनी दगड उचलला, त्यांच्यावर आहे. ते कोण, हे मला ठाऊक आहे, त्यांना मी पाढे शिकवलेत.

काल संध्याकाळी अण्णा आमच्या दारात आले. हातात तांदळाची पिशवी. म्हणाले, "बाई, माज्या नागूनं उन्हाळाभर तुमच्या त्याच पिंपाचं पानी भरलं. विजूला ती लेक म्हनायची. उद्या पल्लवीची वटी भरणार हाव ना, हे तांदूळ घ्या. पर वटी विजूच्या हातानं भरा." एवढं बोलून गेले. चहालाही थांबले नाहीत.

अप्पा, माहेरवाशिणीची ओटी तुमच्या सौभाग्यवती भरणार असं कार्यक्रमात ठरलं होतं. त्यांना मी सकाळीच भेटले. त्या हो म्हणाल्या, हे त्यांचं मोठेपण, आणि त्याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. विजयश्री सकाळच्या बसनं आलीय. मागच्या दाराशी उभी आहे, कडेवर लेक आहे. राहणार का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, तुम्ही बोलावलं म्हणून आले. राहायचं की नाही ते तिथं सभेत बघून ठरवीन.

तेव्हा आयोजकांचे आभार, पल्लवीला आशीर्वाद, आणि इतका वेळ गप्प बसून ऐकलंत त्याबद्दल तुमचेही आभार. म्हाताऱ्या मास्तरणीच्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, कुणाच्या मानाला धक्का लागला असेल, तर मला क्षमा करा. तुमच्याकडून जे झालं त्याची क्षमा माझ्याकडं मागू नका, ती देणं माझ्या हातात नाही.

ती आता मधल्या वाटेनं येतेय. पाय आवरून घ्या, तिला वाट द्या. आणि पहिल्या रांगेतल्यांनो, तुमच्यासमोर पाण्याचा तांब्या आहे. लेकरू प्रवासातून आलंय, आधी त्याला पाणी द्या.