सुरक्षेसाठी धूसर

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. समोर दोघी बहिणी बसल्या होत्या आणि भिंतीवर टीव्ही चालू होता.

"आपा, तुझी मुलाखत लागली बघ! पण तोंड कुठाय तुझं?"

"पुसलंय. धूसर केलंय म्हणे, माझ्या सुरक्षेसाठी."

"तू सांगितलंस तसं?"

"मी कशाला सांगू? अब्बांच्या घरातला माझा वाटा कोर्टात भांडून मिळवला. म्हटलं, उघड्या तोंडाने सांगते, म्हणजे दुसऱ्या बायकांनाही धीर येईल. चांगली लिपस्टिक लावून गेले होते!"

[पट्टी : घाबरलेल्या मुस्लिम महिलेची व्यथा]

"व्यथा? अगं, तू तर हसत होतीस."

"आत्ताही हसतेच आहे. त्या ढगामागे."

"भाईजाननं बघितलं असेल?"

"बघू दे. केस चालू होती तेव्हा रोज बजावायचा, कोर्टात तोंड झाकून जा, घराण्याची अब्रू जाते. एकही दिवस ऐकलं नाही मी त्याचं. त्याला जे जमलं नाही, ते या लोकांनी एक बटण दाबून केलं."

"फोन करून चांगलं झाप त्यांना."

"केला, सकाळी पहिल्यांदा दाखवलं तेव्हाच. म्हणाले, मॅडम, असं दाखवलं की लोकांना जास्त भिडतं."

"भिडतं? यांच्या तर..."

कोपऱ्यातले एक काका टीव्हीकडे बघून चुकचुकले.

"बिचारी! किती घाबरलीये."

"काका, ती बिचारी मीच. आणि घाबरलेय हे कशावरून कळलं हो तुम्हाला? चेहरा तर दिसतच नाहीये!"

"नाही, म्हणजे... खाली लिहिलंय ना."