हिकरी बेंडच्या तळ्यात एझरा टॉलिव्हर

मी, डेल्फीन टॉलिव्हर, वय ५२ वर्षे, धंदा शाळेच्या बसवर ड्रायव्हर, राहणार अटलांटा, जॉर्जिया. चौकीत समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वडील एझरा, वय ८४, यांच्यासह राहते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली. ते चाकाच्या खुर्चीत असतात. बोलणे शाबूत आहे. डोके माझ्यापेक्षा शाबूत आहे.

आज शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास आम्ही घरची अकरा माणसे हिकरी बेंड उद्यानात आलो. दरवर्षी येतो. वडील दरवर्षी तळ्याकडे पाठ करून बसतात. आज भाऊ क्लाइड याने भाजलेल्या डुकराच्या दोन बरगड्या खाऊन ते म्हणाले, "पोरी, मला पाण्यात ने."

मी म्हटले, "आजच का, बाबा?"

"पुढल्या वर्षी मला कुठं शोधशील?"

मी त्यांना तरंगते जाकीट घातले व खुर्ची काठापर्यंत ढकलली. तेथील जीवरक्षक म्हणाला, "मावशी, खुर्ची पाण्यात न्यायला मनाई आहे. पाटी वाचा." मी पाटी वाचली. नंतर विचारले, "माणूस न्यायला मनाई आहे का?" तो स्वतः पाटी वाचू लागला. क्लाइडने व मी वडिलांना उचलले, खुर्ची काठावरच ठेवली व छातीभर पाण्यात गेलो. वेळ बारा वाजून दहा मिनिटे.

काठावरील एका अनोळखी बाईने "म्हाताऱ्याला बुडवतायत" असा फोन केल्याचे मला मागाहून समजले. तिने आम्हाला काही विचारले नव्हते. वडील त्या वेळी हसत होते.

साडेबाराला पोलीस अंमलदार आले. त्यांनी काठावरून हुकूम केला, "त्यांना ताबडतोब बाहेर काढा."

वडील म्हणाले, "साहेब, माझ्याशी बोला. पाण्यात मी आहे."

अंमलदार म्हणाले, "आजोबा, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

वडील म्हणाले, "या तळ्याचा बांध माझ्या बापानं घातला. तेव्हा पाणी फक्त गोऱ्यांसाठी होतं. पंधराव्या वर्षी मी उतरलो, तर तुमच्यासारख्याच एका साहेबानं मानगूट धरून बाहेर ओढलं. बाप तिथं उभा होता. त्याला मान खाली घालायला लावली. आज मी माझ्या मनानं निघेन."

हे मी आजवर ऐकले नव्हते. क्लाइडनेही नाही. आम्ही दोघांनी वडिलांना घट्ट धरले व तेथेच उभे राहिलो. अंमलदारांनी दुसऱ्यांदा सांगितले. मी म्हटले, "घालायच्या तर मला बेड्या घाला, पण त्यासाठी बूट भिजवावे लागतील." ते आत आले नाहीत.

एक वाजून पाच मिनिटांनी वडील म्हणाले, "झालं माझं." तेव्हा आम्ही त्यांना बाहेर आणले. अंग पुसले. त्यांना इजा नाही. आमचे कोणाचेही बोलणे अर्वाच्य नव्हते. अंमलदारांचे ऐकले नाही, हे खरे आहे व ते मी कबूल करते.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. "झाल्या प्रकाराबद्दल मला खेद आहे" हे शेवटचे वाक्य मी सांगितलेले नव्हते. ते मी माझ्यासमोर खोडायला लावले. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते.