देऊळ कुठं पळून जातंय?

तंजावूरचं नाव काढू नका, बाबांचा चेहरा आठवतो. सकाळपासून ते म्हणत होते, "आधी देवदर्शन." मी म्हटलं, "देऊळ कुठं पळून जातंय?" मग राजवाडा झाला, मान डोलावणाऱ्या बाहुल्यांची खरेदी झाली. भर दुपारी मोठ्या देवळात पोचलो, तर गाभारा बंद! आपल्याकडं दिवसभर उघडा असतो, तेच माझ्या डोक्यात. आमचं बोलणं ऐकून हारवाल्या बाई तिथल्या जुन्या मराठीत म्हणाल्या, "देव निजला. चार वाजता या." आमची गाडी तीनची. बाबांनी बंद दारालाच हात जोडले. या वयात त्यांचं परत येणं होणार नव्हतं. स्टेशनवर बॅगा घेऊन धावताना मागून धापा टाकत म्हणाले, "देऊळ तिथंच आहे रे. पळतोय आपण."