डाव्या बाजूची चटई

या मंडळी, पुढं सरका. खांबाला टेकून बसलेल्यांना देव दिसतो हे खरं, पण त्यांना झोपही लवकर लागते! हां, मावशी, तुम्ही बसा तिथंच, तुमचे गुडघे मला ठाऊक आहेत.

आज प्रश्न एकच घेतलाय. घरून निघताना मला तो सोपा वाटला होता. ऐका हं — एका माणसाला एक गोष्ट जिवापासून हवी आहे. हात पुढं केला तर मिळण्यासारखी आहे. आणि तो हात आखडतो, म्हणतो, नको! आता सांगा, याला वैरागी म्हणायचं की भित्रा? बाहेरून ओळखू येत नाही हो. दोघंही तसेच बसतात, हात आखडून, तोंडावर समाधान घेऊन!

मन मारुनी बैसला । म्हणे झालो मी विरागी ।
भये आखडिला पाय । त्यासी कैसा म्हणू त्यागी ॥

कुणाचं आहे म्हणून विचारू नका आणि संतांच्या माथी तर मुळीच मारू नका. माझंच आहे, काल एसटीत जुळवलं. एसटीत सुचलं म्हणून त्यात पाय आलाय, कारण शेजारच्याचा पाय सारखा माझ्या पायावर येत होता!

तर मंडळी, वाईला सदानंद कुंभोजकर नावाचे एक गृहस्थ होते. मोटार ड्रायव्हिंगचा क्लास चालवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. बत्तीस वर्षं क्लास! चार हजार माणसांना गाडी शिकवली. डॉक्टर शिकले, वकील शिकले, एक पुजारी शिकला, तो आजही गिअर टाकताना घंटा वाजवल्यासारखा हात करतो. पण मास्तर बसायचे कुठं? डाव्या बाजूला! क्लासच्या गाडीत डावीकडेही क्लच आणि ब्रेक असतो, ठाऊक आहे ना? शिकणारा चुकला की मास्तरांनी दाबायचा. बत्तीस वर्षं त्या माणसाचा उजवा पाय त्या ब्रेकवर. म्हैस आली, दाब! पोरगं पळालं, दाब! शिकणाऱ्याला शिंक आली, तरी दाब!

आणि नियम काय? थर्डच्या पुढं जायचं नाही. त्यांच्या गाडीला चौथा गिअर होता की नुसता दांड्यावर आकडा रंगवला होता, हे एक कंपनीलाच माहीत!

आणि मंडळी, अशा या माणसाच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला, दत्ताच्या कॅलेंडरमागं एक चित्र चिकटवलेलं होतं. बाईचं नाही! काय रे, लगेच हसायचं? गाडीचं चित्र! लाल गाडी. दिसायला बुटकी, भाजी आणायला जावं अशी, मागं वर उघडणारी डिकी. पण बॉनेटखाली दोनशे घोडे! अशा गाडीला हॉट हॅच म्हणतात. नाव सांगत नाही, कंपनीनं मला अजून नारळसुद्धा दिलेला नाही.

मास्तर अठ्ठावन्नचे झाले. एक पॉलिसी पिकली. मुलीचं लग्न झालेलं, डोक्यावर कर्ज नाही. कपाट उघडलं, कॅलेंडर बाजूला केलं, आणि थेट साताऱ्याच्या शोरूमला फोन लावला! इकडं पत्नी, इंदुमतीबाई, पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी फोन ऐकला, मान खाली घातली आणि गालात हसल्या. कॅलेंडरमागचं चित्र त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरातली धूळ कोण पुसतं मंडळी? आपलं गुपित कपाटात आहे असं पुरुषांना वाटतं, आणि फडकं बायकोच्या हातात असतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी चालवून बघायची गाडी दारात! शोरूमची मृण्मयी घेऊन आली. ही मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी. मास्तर उजवीकडे बसले, ती डावीकडे. बघा उलटापालट! ती म्हणाली, “सर, क्लच हळू सोडा, घाई नको.” मास्तरांचंच वाक्य मास्तरांना परत!

निघाले पसरणीच्या घाटाकडे. तबलजी, तुम्ही आता माझ्याबरोबर या, घाट चढायचाय! पहिला गिअर — ठाय लय. गाव सुटलं. दुसरा — जरा वाढवा. पहिलं वळण आलं, गाडी रस्त्याला धरून अशी वळली की मास्तरांच्या तोंडून “अरे वा” निघालं. तिसरा — द्रुत! इथं बत्तीस वर्षांचं कुंपण. मृण्मयी म्हणाली, “सर, रस्ता मोकळा आहे. टाका.” मास्तरांचा हात दांड्यावर, कपाळावर घाम... आणि टाकला चौथा! वाजवा हो, वाजवा! गाडीनं अशी उडी घेतली की पाठ सीटला चिकटली. खाली कृष्णेचं खोरं, हिरवं आणि सोनेरी, वर आभाळ, आणि काटा कितीवर? साठवर! हसू नका. तुम्ही साठनं दूध आणायला जाता. त्या माणसानं सगळा जन्म तीसच्या काट्यावर काढला होता, त्याला साठ म्हणजे वैकुंठाचा दरवाजा!

वर पोचले तेव्हा मास्तरांचे डोळे ओले होते. मृण्मयीला म्हणाले, “पोरी, हिला आवाज आहे गं.” आनंद झाला, खराखुरा आनंद! परमार्थाला बसलोय म्हणून आनंदाला नाकं मुरडायची नाहीत. गाडीचा असला म्हणून काय झालं, आनंद देवाच्याच घरचा.

आता उतरायचं. तबलजी, थांबा थोडं. मृण्मयी म्हणाली, “सर, खाली येताना मी चालवते, तुम्ही निवांत बसून बघा.” मास्तर डावीकडे बसले. पहिलं वळण आलं. सवयीनं उजवा पाय खाली गेला, ब्रेक दाबायला. आणि खाली काय? चटई! रबरी चटई! ब्रेक नाहीच. विकायच्या गाडीत डावीकडे ब्रेक कुठून असणार? दुसरं वळण, पाय खाली, चटई! पोरगी छान चालवत होती हो, समोर ना म्हैस ना पोरगं. पण मास्तरांचा पाय काही चटईवरून उठेना. दुसऱ्याच्या हातात गाडी आणि आपल्या पायाखाली ब्रेक नाही, हे त्या माणसानं जन्मात अनुभवलं नव्हतं. घरी उतरले तेव्हा शर्ट भिजलेला होता.

घरी आल्यावर इंदुमतीबाईंनी चहा पुढं ठेवला आणि विचारलं, “मग? कधी आणायची?”

मास्तरांनी घसा साफ केला. “छे गं. परवडायची नाही.”

“का? पॉलिसीचे पैसे आहेत की.”

“घेणं वेगळं आणि पोसणं वेगळं. गावात लिटरला दहासुद्धा देत नाही. साधं पेट्रोल चालत नाही, महागातलं लागतं. टायर मऊ, दोन वर्षांत बोडके होतात. विमा बघितला तर डोळे पांढरे! दारात हत्ती बांधायचा आणि घरात उपास करायचा, सांगितलंय कुणी?”

मंडळी, यातलं खोटं काय आहे? काहीही नाही! ज्याला झेपत नाही त्यानं या वाटेला जाऊ नये. उद्या तुमच्यातल्या कुणी कर्ज काढून हॉट हॅच आणली आणि म्हणाला, बुवांनी सांगितलं, तर मी ओळखसुद्धा देणार नाही. पण मला एक सांगा. हे टायर, हा विमा, हे पेट्रोल सकाळीही तेवढंच होतं ना? मास्तरांना सगळे आकडे तोंडपाठ होते. आकडे मनात धरूनच तर त्यांनी फोन लावला होता! मग घाट उतरेपर्यंत खर्च वाढला कसा?

धरा हं हे मनात. पुढं ऐका.

मास्तर म्हणाले, “माणसानं मन आवरायला शिकलं पाहिजे. मी मनातून सोडून दिली ती गाडी.”

“खरंच सोडलीत?”

“सोडली.”

“मग चहात साखर तिसऱ्यांदा का घालताय?”

मास्तरांनी चमचा खाली ठेवला. इंदुमतीबाईंनी सोलायला घेतलेल्या शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि म्हणाल्या, “एक विचारू? आपल्या लग्नाला सहा महिने झाले होते. मी म्हटलं होतं, मला गाडी शिकवा. आठवतंय?”

मास्तरांनी साखरेच्या डब्याला झाकण लावलं.

“तुम्ही म्हणालात, पेट्रोल फुकट जळतं, तुला जायचंय कुठं. मी परत विचारलं नाही. तुमच्या आई सगळ्या आळीत सांगायच्या, सून किती समाधानी आहे, कधी काही मागत नाही.” बाईंचा आवाज चढला नाही. “मी समाधानी नव्हते हो. मी नुसती गप्प होते.”

पेटीवाले, नुसता सूर धरा. काही वाजवू नका.

चार हजार माणसं, मंडळी! अख्खी वाई शिकली. आणि घरातली एक बाई तीस वर्षं क्लासच्या पावत्या फाडत बसली, दारातून गाडी जाताना बघत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

“पाच लिटर जळलं असतं फार तर,” इंदुमतीबाई म्हणाल्या. “तुम्हाला पेट्रोलची भीती नव्हती. आजही नाही.”

मास्तरांनी कप बाजूला सारला आणि म्हणाले, “इंदू, शेजारी बसून पाय मोकळा सोडायचा कसा, ते मला येत नाही गं. कुणाला तरी लागेल असंच सारखं वाटतं. परकं माणूस असलं तर एक तास निभावतो. तू उजवीकडं बसलीस तर मी मरूनच जाईन असं वाटलं होतं तेव्हा.”

“मग तसं सांगायचं होतं,” बाई म्हणाल्या. “मी भित्र्या नवऱ्याला समजून घेतलं असतं. पेट्रोलचं काय समजून घेऊ?”

अहाहा! लिहून ठेवा हे वाक्य, माझ्या प्रवचनांपेक्षा भारी आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता क्लासची गाडी दारात उभी. मास्तरांनी उजवीकडचा दरवाजा उघडला आणि म्हणाले, “बस.” इंदुमतीबाईंनी पदर खोचला आणि बसल्या! पहिल्या आठवड्यात गाडी बंद पडायची ती ब्रेकनं. “मी नाही दाबला,” बाई म्हणायच्या, “तुम्ही दाबलात.” एकदा त्या भर बाजारपेठेत गाडी थांबवून म्हणाल्या, “आधी पाय वर घ्या, मगच पुढं जाते.” मागं टेम्पोवाले हॉर्न मारतायत, आणि मास्तर सीटवर मांडी घालून बसलेले, कीर्तनाला बसावं तसे! आळीतली पोरंसोरं बघून लोळली. पण बाई शिकल्या! लायसन्स आलं, फोटोत हसणारी बाई, वाईत पहिल्यांदाच.

आणि मग गाडी आली. आणली हो, लाल! अट बाईंनी घातली. रोजच्या कामाला स्कूटर. गाडी फक्त गुरुवारी निघणार, क्लास बंद असतो तेव्हा. मग लिटरला दहा देवो नाहीतर आठ, आठवड्यातून एक घाट परवडतो. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला वार असावा! हत्ती दारात आला आणि गुरुवारचाच चरला.

पहिला गुरुवार. पसरणीपर्यंत मास्तरांनी चालवली. घाटाच्या तोंडाशी बाई म्हणाल्या, “थांबवा. आता मी.”

तबलजी, चला परत! पहिला. दुसरा. पहिलं वळण — मास्तरांचा पाय खाली, चटई! दुसरं वळण — चटई! तिसरा गिअर. रस्ता सरळ, समोर कुणी नाही. इंदुमतीबाईंनी आरशात बघितलं, दांड्यावर हात ठेवला आणि विचारलं, “मास्तर, थर्डच्या पुढं जायचं नाही ना?”

तीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला मास्तर अशी हाक पहिल्यांदा मारली. मास्तरांनी दोन्ही हातांनी सीट धरली. डोळे मिटले. आणि म्हणाले, “टाक. फोर्थ टाक.”

हां! वाजवा! ऐका, ती गाडी कशी गेली! त्या दिवशी घाटात दोन माणसं सुटली, एक उजवीकडची आणि एक डावीकडची.

वर्षानं मृण्मयी गाडी सर्व्हिसला न्यायला आली. तिनं विचारलं, “सर, खर्च झेपतोय ना?” मास्तर म्हणाले, “पेट्रोल झेपतं. टायर झेपतात. एक चटई तेवढी बदलून दे.” तिनं वाकून बघितलं. डाव्या बाजूच्या चटईला भोक पडलं होतं. बरोबर टाचेएवढं!

आता मंडळी, हसलात ना? मग माझ्याकडं बघा. प्रश्न विसरला नाहीत ना? वैरागी कोण आणि भित्रा कोण. खूण अशी की वैराग्याला सबब लागत नाही. ज्यानं खरंच सोडलं, तो चहात तीनदा साखर घालत नाही. आणि दुसरी खूण याहून वाईट. भित्रा स्वतःपुरता थांबत नाही, तो शेजारच्याचाही ब्रेक दाबतो. वर म्हणतो, खर्च फार आहे! सुनेला नोकरी करायचीय, खर्च फार. म्हातारीला काशीला जायचंय, दगदग फार. पोराला गाणं शिकायचंय, फी फार. असेल, फी असेल. पण फी सकाळीही तेवढीच होती की नाही, एवढं घरी जाऊन बघा.

आणि तुमच्या घरात एखादी समाधानी बाई असेल, कधी काही न मागणारी, तर तिला एकदा नीट विचारा. उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारा.

गाडी माझ्याकडं नाही, मी आपला एसटीनं जाणारा. पण चटई माझ्याही घरात आहे मंडळी, आणि तिला माझ्या टाचेचं भोक आहे. आज घरी गेलो की आधी ते बघणार आहे.

चला, आता नामाचा गजर करू. हात वर घ्या, टाळी मोकळी वाजू द्या. आणि मांडीखाली आवळून धरलेला तो उजवा पाय — हो, तुमचाच, मीही माझा सोडतोय — तो आधी जरा सैल सोडा.