वास न येणारी आग

पणजोबांनी रॉकेल विकले, आजोबांनी स्पिरिट, वडिलांनी गॅसच्या शेगड्या. मुलगा स्कूटरच्या बॅटऱ्या विकतो. त्याची आई आणि दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेला शेजारचा शिंपी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. बाकाच्या टोकाला बसलेल्या एका अनोळखी शिक्षिकेने पुस्तक उघडले होते. कान या दोघांच्या बोलण्याकडे होते, पान मात्र उलटत नव्हते.

"काकू, फुगलेली बॅटरी त्यानं चार्जिंगला लावलीच कशी?"

"वास घेऊन बघितला ना! आमच्या घराण्याचा धंदा नाकावर चालला. रॉकेल गळलं, कळायचं. गॅस सुटला, कळायचं. ही मुकी निघाली."

"आणि लावली जिन्याखाली!"

"वर नात झोपलेली. धुरात मला पायरी दिसेना, आणि तू शहाणा ओलं पोतं पांघरून शिरलास, तिला उचलून घेऊन आलास. शिंप्यानं हात असे उधळायचे असतात?"

"महिन्याभरात सुई धरता येईल म्हणाले डॉक्टर."

"नाही आली तर?"

"तुम्ही आहातच दोरा ओवायला."

"थट्टा पुरे. बॅटऱ्या आजच घराबाहेर गेल्या. लेकाला बजावलंय, नाक कपाटात ठेव आणि डोळे उघड."

"काकू, तुमच्या सासऱ्यांनी माझ्या वडिलांना स्पिरिटच्या आगीतून ओढून काढलं होतं. हे देणं राहिलं, असं वडील शेवटपर्यंत म्हणत होते."

काकूंनी त्याच्या पट्टीची सुटलेली गाठ नीट बांधली.

"नात आज सकाळी दुधासाठी घर डोक्यावर घेऊन रडली. घरी गेलास की वडिलांच्या फोटोपुढे उभा राहा आणि माझं नाव घेऊन सांग, सगळं फिटलं."