आधी वाऱ्याचं बोल

आइसलँडमधल्या आमच्या गावच्या पोहण्याच्या तलावाशेजारी गरम पाण्याचं कुंड आहे. सकाळी तिथं मी आणि म्हातारे केतिल, दोघंच बसलो होतो. एक पोलिश बाई येऊन कोपऱ्यात बसली आणि अडखळत आइसलँडिकमध्ये म्हणाली,

“आज वारा पडलाय.”

“इंग्रजीत बोला बाई, सोपं जाईल,” केतिल म्हणाले. “ आणि ती जागा स्टेनारची आहे.”

“माहीत आहे. वृद्धाश्रमात मीच त्यांचं करायची. आइसलँडिक त्यांनीच शिकवली मला.”

“त्या खडूसानं? पोहायला कधी येतोय म्हणावं?”

“ते म्हणाले होते, केतिलशी आधी वाऱ्याचं बोल, मग सांग. पण इंग्रजीत सांगू नकोस.”

“काय सांगायचं?”

“काल दुपारी गेले ते.”

केतिल वाफेकडे बघत म्हणाले,

“पडलाय खरा वारा. बसा, तिथंच बसा.”